पहिल्या अल्बममध्ये बँडचा स्वतःचा बाज नसेल, तर तो प्रसिद्ध करावा का?

लातूरच्या एका पाच जणांच्या रॉक बँडने आपली नऊ गाणी पाठवली आहेत आणि सोबत विचारले आहे की, ऐकणाऱ्यांना त्यांत जुन्या इंग्रजी बँडांचीच छाया दिसते, तेव्हा हा पहिला अल्बम आत्ता प्रसिद्ध करावा, की स्वतःचा बाज सापडेपर्यंत थांबावे. कॅनडाच्या ‘रश’ या बँडचे उदाहरण त्यांनीच दिले आहे. रशचा १९७४ चा पहिला अल्बम लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या वळणाचा म्हणून ओळखला जातो. मग पुढे जो आवाज त्यांची ओळख ठरला, तो त्यांना कुठे आणि कसा सापडला, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे. त्यांचा ड्रमर जुलैमध्ये नोकरीसाठी पुण्याला जाणार असल्यामुळे निर्णयाची घाई आहे, असेही त्यांनी लिहिले आहे. छत्रपती संभाजीनगरात माझा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आहे. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी भीमगीते, खुलताबादकडचे कव्वाल, तुळजापूरकडचे गोंधळी, लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा आणि अधूनमधून महाविद्यालयीन मुलांचे रॉक बँड असे सगळे माझ्याकडे गाऊन-वाजवून गेले आहेत, त्यामुळे पुढचे विवेचन रसिकापेक्षा ध्वनिमुद्रकाच्या बाजूने अधिक झुकलेले असेल.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. अल्बम प्रसिद्ध करावा, मात्र नऊच्या नऊ गाणी त्यात घालू नयेत. आधी बाज सापडतो आणि मग अल्बम होतो, असे तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात बहुतेक बँडांचा क्रम उलटा असतो: पहिला अल्बम पूर्ण होतो, तो परकी माणसे ऐकतात, त्यामुळे बँडमध्ये काही ना काही बदलावे लागते, आणि त्या बदलातून बाज घडू लागतो. तालमीच्या खोलीत बसून वाट पाहिल्याने यातले काहीच घडत नाही. रशच्या बाबतीत हा क्रम महिन्या-महिन्याने दाखवता येतो, म्हणून तिथेच अधिक वेळ थांबतो.

रश हा बँड टोरांटोच्या विलोडेल या उपनगरात १९६८ मध्ये उभा राहिला. गिटारवर अलेक्स लाइफसन, ड्रम्सवर जॉन रट्सी, आणि सुरुवातीच्या थोड्या दिवसांनंतर बास गिटार व गायन या दोन्ही बाजू सांभाळणारा गेडी ली. पहिली दोन-तीन वर्षे ते शाळांच्या कार्यक्रमांत वाजवत होते. १९७१ मध्ये ओंटारिओ प्रांताने मद्यपानाचे कायदेशीर वय २१ वरून १८ वर आणले आणि बारमध्ये एकदम तरुण गिऱ्हाईक आले, तेव्हा या तिघांना रात्रीमागून रात्र वाजवण्याचे काम मिळू लागले. पहिल्या अल्बममधली गाणी या श्रोत्यासाठी घडलेली आहेत. बारमधला श्रोता बोलत असतो, पीत असतो, त्याचे अर्धे लक्ष दुसरीकडे असते. त्याला थांबवायचे तर चार मात्रांचा सरळ ठोका, पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा), उंच पट्टीतला गळा आणि अर्थासाठी कान टवकारावे लागणार नाहीत असे शब्द लागतात. त्या काळी हे सगळे सर्वांत उत्तम प्रकारे लेड झेपेलिन करत होता, त्यामुळे कष्टाळू तरुण बँड त्याच वाटेने गेला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. तुम्ही महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत वाजवता आणि तिथला श्रोताही फारसा वेगळा नसतो.

ध्वनिमुद्रणाची हकीकत तुमच्या ओळखीची वाटेल. १९७३ मध्ये त्यांनी आधी एक सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठीची छोटी तबकडी, काढली, ती बडी हॉलीच्या जुन्या गाण्याची होती आणि तिची कोणी फारशी दखल घेतली नाही. अल्बमसाठी टोरांटोच्या ईस्टर्न साउंड या स्टुडिओत रात्रीचा स्वस्त वेळ घेतला. बारमधला कार्यक्रम संपवून उपकरणे आणायची आणि उरलेल्या रात्रीत आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठच आवाज वेगवेगळे नोंदवता येणाऱ्या, यंत्रावर वाजवायचे, असा प्रकार होता. जे हाती आले ते कोणालाच पटले नाही. मग टेरी ब्राउन या ध्वनिमुद्रकाकडे टोरांटो साउंड स्टुडिओत जाऊन तीन गाणी नव्याने वाजवली आणि सगळ्या अल्बमचे मिक्स, म्हणजे आवाजांची अंतिम जुळवणी, पुन्हा केले. कंपन्यांनी रस दाखवला नाही, म्हणून व्यवस्थापकांनी ‘मून रेकॉर्ड्स’ नावाची स्वतःची कंपनी काढून साडेतीन हजार प्रती छापल्या. मुखपृष्ठावरचे लाल व्हायचे अक्षर छपाईत गुलाबी झाले आणि तसेच बाजारात गेले. पैसे कमी असले की अशा गोष्टी होतात, आणि पुढे कोणी त्यामुळे अल्बम परत केला असे झालेले नाही.

यातली टेरी ब्राउनची भेट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. या माणसाने त्यांना नवी गाणी दिली नाहीत, फक्त जे आहे ते नीट ऐकू येईल असे केले. आठ ट्रॅकमध्ये ड्रम्स, बास, दोन-तीन गिटार आणि गायन बसवायचे तर कोणता आवाज पुढे आणि कोणता मागे, हे वाजवतानाच ठरवावे लागते, आणि अशा वेळी बँडबाहेरचा एक जाणता कान बसलेला असला की प्रत्येक वादकाला पहिल्यांदाच आपण काय वाजवतो ते बाहेरून ऐकू येते. ब्राउन पुढे १९८२ पर्यंत, ‘सिग्नल्स’ या अल्बमपर्यंत, त्यांचा निर्माता राहिला. पहिल्या अल्बमने रशला काय दिले असे कोणी विचारले, तर मी आधी हा माणूस सांगेन आणि मग बाकीचे.

बाकीचे असे की, त्या अल्बमची प्रत अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात डब्ल्यूएमएमएस या रेडिओ केंद्रावर डॉना हॅल्पर यांच्याकडे पोचली. रेडिओवाल्यांना मोठे गाणे सोयीचे असते, म्हणून त्यांनी सर्वांत लांब, सात मिनिटांचे ‘वर्किंग मॅन’ लावले. क्लीव्हलंड हे कारखान्यांचे शहर. सकाळी सातला उठून नऊला कामावर जाणाऱ्या माणसाचे ते गाणे तिथल्या लोकांना आपले वाटले. फोन करणाऱ्यांपैकी अनेकांचा समज लेड झेपेलिनचे नवे गाणे आले असा झाला होता. त्या मागणीमुळे मर्क्युरी या कंपनीने रशशी करार केला. म्हणजे ज्या साम्यामुळे तुम्हाला आज संकोच वाटतो आहे, त्याच साम्यामुळे रशचे दार उघडले. हे साम्य लपवण्यात त्यांनी एक दिवसही घालवला नाही.

मात्र ‘वर्किंग मॅन’ नीट ऐका. सुरुवातीचा जड, संथ रिफ त्या काळच्या कोणत्याही बँडचा असू शकला असता. गाण्याच्या मध्यावर लय अचानक दुप्पट चपळ होते, गायन थांबते, आणि गिटार व बास एकमेकांच्या मागे धावू लागतात. बास नुसता तळ धरून न बसता गिटारच्या बरोबरीने बोलतो. पुढच्या काळातला रश कुठे असेल तर तो या मधल्या काही मिनिटांत आहे, आणि उरलेल्या सात गाण्यांत फारच थोडा आहे. पहिल्या अल्बमकडे पाहण्याची माझी पद्धत हीच आहे: सगळा अल्बम कोणासारखा वाटतो, यापेक्षा त्यातला कोणता तुकडा कोणासारखाच वाटत नाही, हे आधी शोधावे.

यानंतर जे घडले ते तुमच्या ड्रमरच्या प्रश्नाशी थेट जुळते. अमेरिकेचा दौरा तोंडावर आला असताना, जुलै १९७४ मध्ये, जॉन रट्सी बँडमधून बाहेर पडला. त्याला मधुमेह होता, दौऱ्यांची दगदग झेपणारी नव्हती, आणि संगीताच्या दिशेबद्दलही मतभेद होते. त्याच महिन्याच्या अखेरीस नवा ड्रमर म्हणून नील पिअर्ट आला आणि १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये युराया हीप आणि मॅनफ्रेड मॅन या बँडांच्या कार्यक्रमाआधी त्याने बँडबरोबर पहिला कार्यक्रम वाजवला. तयारीला मिळाले जेमतेम दोन आठवडे. पुढच्या फेब्रुवारीत, १९७५ मध्ये, ‘फ्लाय बाय नाइट’ हा दुसरा अल्बम आला, आणि तो पहिल्याशेजारी ठेवून ऐकला तर पहिल्याच गाण्यात बँड बदललेला कळतो. ‘अँथम’ची सुरुवातच सात मात्रांच्या चालीत आहे.

या सात मात्रांबद्दल जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. रॉक ऐकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना अशी चाल म्हणजे मोठी विद्वत्ता वाटते, आणि तीच मुले लहानपणापासून रूपक तालातली भजने आणि गझला मान डोलावत ऐकत आलेली असतात. रूपकाची तीन-दोन-दोन अशी विभागणी ज्याच्या कानात मुरलेली आहे, त्याला ती ड्रम्सवर मोजत बसण्याची गरज नाही. तुमचा ड्रमर तबला शिकलेला आहे असे तुम्ही लिहिले आहे, तरीही नऊपैकी एकाही गाण्यात त्याने चारच्या बाहेर पाऊल टाकलेले नाही. ते मुद्दाम टाकावे असेही मी म्हणत नाही, पण का टाकले गेले नाही याचा विचार करावा.

पिअर्टमुळे ठोका बदलला, हे सगळे सांगतात. शब्द बदलले, हे त्याहून मोठे आहे. पहिल्या अल्बमचे शब्द गेडी ली आणि लाइफसन यांनी गरज म्हणून लिहिलेले होते, आणि त्यांतली बरीच गाणी मुलीला उद्देशून केलेल्या ठरावीक आर्जवांची आहेत. पिअर्ट भरपूर वाचणारा होता, म्हणून गीतलेखनाचे काम त्याच्याकडे आले. त्याच्या ओळी लांब, वळणाच्या, कथा सांगणाऱ्या होत्या. चार मात्रांच्या ठेक्यावर बसणाऱ्या छोट्या आर्जवाच्या जागी अशी ओळ आली की चाल ताणावी लागते, रिफला मध्येच एक वळसा जास्त द्यावा लागतो, एक मात्रा वाढवावी किंवा गाळावी लागते, आणि कथेचा प्रसंग बदलला की वाद्यांनाही प्रसंग बदलावा लागतो. दुसऱ्या अल्बममधले ‘बाय-टॉर अँड द स्नो डॉग’ हे आठ मिनिटांहून मोठे गाणे असे घडले आहे. पुढच्या काळात रशचे संगीत किचकट झाले असे म्हणतात, त्याचे बरेचसे मूळ या शब्दांत आहे.

तरीही दुसऱ्या अल्बमने प्रश्न सुटला, असे झाले नाही. तिसरा अल्बम, ‘करेस ऑफ स्टील’, १९७५ मध्येच आला, तो विकला गेला नाही, कार्यक्रमांची सभागृहे लहान होत गेली, आणि त्या दौऱ्याला बँडनेच गटारात गेलेला दौरा अशा अर्थाचे नाव ठेवले. कंपनीला छोटी, रेडिओवर चालतील अशी गाणी हवी होती. बँडने मात्र १९७६ मध्ये ‘२११२’ काढला, ज्याची पहिली पूर्ण बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना आहे, आणि तो चालला. बहुतेकांच्या मनातला रश म्हणजे सिंथेसायझर, घट्ट बांधलेली पाच-सहा मिनिटांची गाणी आणि त्यांतले ‘टॉम सॉयर’ हे गाणे, हा १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’चा आहे. ज्याला आपण या बँडचा बाज म्हणतो तो असा चौथ्या अल्बमला दिसू लागला आणि आठव्याला पक्का झाला. गेडी लीचा अतिशय उंच पट्टीतला गळासुद्धा १९८० च्या सुमारास खाली उतरला. आणि ज्या पहिल्या अल्बमला चाहते परका मानतात, त्यातले ‘वर्किंग मॅन’ १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या, पिअर्टबरोबरच्या त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाचे शेवटचे गाणे होते. त्या दौऱ्यात नव्या गाण्यांपासून जुन्यांकडे असा उलटा क्रम त्यांनी ठेवला होता.

पहिला अल्बम परका वाटण्याची इतर कारणेही असतात, ती थोडक्यात पाहू, कारण तुमचे दुखणे यांपैकी कोणते आहे हे ठरवल्याशिवाय उपाय सांगता येत नाही. ‘जेनेसिस’ या इंग्लिश बँडचा १९६९ चा पहिला अल्बम हा दुसऱ्याच्या हाताखाली दबलेल्या बँडचा नमुना आहे. चार्टरहाऊस शाळेतल्या या मुलांना त्याच शाळेचा माजी विद्यार्थी असलेला निर्माता जॉनथन किंग भेटला. त्याला साधी, गोड गाणी हवी होती, म्हणून मुले तशी गाणी लिहू लागली, आणि नंतर त्यांवर व्हायोलिनांचा थर चढवला गेला. मुखपृष्ठ काळे, त्यावर बँडचे नाव नाही, शीर्षक बायबलची आठवण करून देणारे. काही दुकानांनी तो धार्मिक संगीतात ठेवला. सुमारे साडेसहाशे प्रती विकल्या गेल्या. त्यानंतर ही मुले गावाबाहेरच्या एका घरात काही महिने नुसती रचना आणि तालीम करत राहिली, आणि १९७० चा ‘ट्रेसपास’ त्या एकांतातून आला. तुमच्यावर असा कोणी निर्माता बसलेला नाही, म्हणून हे उदाहरण तुम्हाला लागू नाही.

‘रेडिओहेड’ या इंग्लिश बँडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. ‘पाब्लो हनी’ हा त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. तो सुमारे तीन आठवड्यांत वाजवून झाला होता, आणि त्यात त्या वेळच्या अमेरिकी गिटार बँडांचे ऋण उघड दिसते. त्यातले ‘क्रीप’ हे गाणे निर्माते पॉल कोल्डेरी आणि शॉन स्लेड यांनी दुसरीच गाणी वाजवायला बसलेले असताना मुलांना सहज वाजवायला लावले आणि ते एका टेकमध्ये, म्हणजे एकाच खेपेच्या ध्वनिमुद्रणात, मिळाले. गाणे फार मवाळ होते म्हणून बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याने धृपदाच्या आधी गिटारच्या तारांवर दोन-तीन करकरीत तडाखे मारले. लोकांच्या लक्षात राहिले ते हे तडाखे. गाणे जगभर चालले आणि बँड त्या एका गाण्याच्या ओझ्याखाली आला. ‘द बेंड्स’च्या वेळी स्टुडिओत काम अडून बसले, तेव्हा ते मध्येच दौऱ्यावर गेले, नवी गाणी श्रोत्यांसमोर वाजवली आणि परत आल्यावर अल्बम मार्गी लागला. तो १९९५ मध्ये आला. त्यांना बाज कार्यक्रमांतून सापडला, स्टुडिओतून नाही, हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो.

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर ‘इंडियन ओशन’ घ्या. १९९३ चा त्यांचा पहिला अल्बम बहुतांशी वाद्यसंगीताचा आहे. पुढच्या वर्षी अमित किलम ड्रम्सवर आले, १९९७ मध्ये ‘डेझर्ट रेन’ हे प्रत्यक्ष कार्यक्रमातले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, आणि २००० च्या ‘कंदिसा’त गायन पुढे आले. नर्मदेकाठचे लोकगीत आणि केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना या दोन्ही गोष्टी त्या अल्बममध्ये त्यांच्याच वाटतात. बँडमधल्या राहुल राम यांनी नर्मदा आंदोलनात प्रत्यक्ष काम केलेले होते, असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात असत, त्यामुळे ती गाणी त्यांच्या अंगातून आलेली आहेत.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण बाज हवा असलेल्या आपल्याकडच्या बँडांना संबळ किंवा हलगी घालण्याचा मोह होतो आणि तुमच्या सातव्या गाण्यात तो झालेला आहे. त्यात संगणकातला संबळाचा तयार तुकडा चार-चार मात्रांनी फिरत राहतो आणि त्याच्यावर जड गिटार आहे. माझ्याकडे तुळजापूरकडचे जे गोंधळी येतात, त्यांचा संबळ एका गतीत राहत नाही. कथेला जोर आला की तो पुढे सरकतो आणि गाणाऱ्याने श्वास घेतला की मागे रेलतो. तुकडा फिरवत ठेवला की नेमके हेच निघून जाते आणि उरतो तो पर्यटनाच्या जाहिरातीतला आवाज. संबळ घ्यायचाच असेल तर वाजवणाऱ्याला बोलवा, त्याला तुमच्याबरोबर वाजवू द्या आणि गिटारने त्याच्या मागे जावे. ते जमणार नसेल तर सातवे गाणे अल्बममधून काढा.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण, कारण पहिल्या दिवसापासून बाज असलेले बँडही झाले आहेत. ‘ब्लॅक सबाथ’ या इंग्लिश बँडने पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये जवळजवळ एका दिवसात वाजवला, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तो बाहेर आला तेव्हा त्यासारखे दुसरे काही नव्हते. त्यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, ते त्याआधी हॅम्बुर्गच्या स्टार क्लबसारख्या ठिकाणी दिवसातून अनेकदा वाजवून तयार झाले होते. दुसरी म्हणजे गिटारवादक टोनी आयोमी याचा उजवा हात. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात हाच. वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोपणांवर चामडे लावून ती बोटांवर चढवायची, हलक्या तारा लावायच्या आणि बोटांना झेपेल असे सोपे, जड आकार वाजवायचे, यातून तो आवाज निघाला. वाळूजच्या कारखान्यांत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम केलेली दोन मुले माझ्याकडे गिटार वाजवायला येतात. त्यांना ही हकीकत वेगळी समजावून द्यावी लागली नाही. अडचणीला वळसा घालताना बाज तयार होतो, असे सबाथकडे पाहून म्हणता येते, पण तशी अडचण कोणी मागून घेत नाही.

तुमच्या पिढीची अडचण नेमकी याच्या उलट आहे, सगळे फार सहज मिळते. तुमची गिटार संगणकातल्या अँप सिम्युलेटरमधून (खऱ्या अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या प्रणालीतून) आलेली आहे आणि प्रीसेट, म्हणजे आवाजाची तयार मांडणी, तुम्ही ज्याचे चाहते आहात त्याच्या नावाचा आहे. ड्रम्स प्रत्यक्ष वाजवले, पण नंतर संगणकावर प्रत्येक ठोका ओढून अचूक मात्रेच्या रेषेवर बसवला आणि त्याखाली बाजारातले सॅम्पल, म्हणजे तयार ठोक्याचा आवाज, घातले. गळ्यावर पिच करेक्शन (संगणकाने सूर सुधारणे) इतके आहे की मींड आणि चूक दोन्ही गेल्या. यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे क्षम्य आहे, मीही भीमगीतांच्या घाईत त्या करतो. पण एखादा ड्रमर दुसऱ्या ठोक्याला सवयीने किंचित उशीर करतो, एखादा गायक ओळीच्या शेवटी थोडा घसरतो, यावरूनच तर माणूस ओळखू येतो. ते पुसून टाकल्यावर ऐकणारे ‘हे दुसऱ्या कोणासारखे वाटते’ म्हणाले, तर त्यांचा दोष नाही. तुम्ही विचारलेला बाज काही अंशी तुमच्या मूळ ट्रॅकमध्ये असेल आणि मिक्समध्ये गेला असेल, अशी मला शंका आहे. म्हणून आधी कच्चे ट्रॅक ऐका.

आता प्रत्यक्ष नऊ गाण्यांबद्दल. दुसरे, पाचवे आणि नववे गाणे म्हणजे तुमच्या आवडत्या बँडांना केलेला नमस्कार आहे. ती कार्यक्रमांत वाजवत राहा, अल्बममध्ये घेऊ नका. सातव्याबद्दल वर लिहिलेच आहे. पहिले, तिसरे, सहावे आणि आठवे गाणे अनुकरणाचे असले तरी प्रामाणिक आहे आणि चांगले वाजले आहे, ती ठेवा. ती परकी वाटतील, रशची सात गाणीही वाटतात. या सगळ्यांत गायक आपल्या गळ्यापेक्षा निदान एका सुराने वर गातो आहे, कारण ज्यांचे ऐकून तो शिकला ते सगळे उंच गाणारे आहेत. गिटार एका सुराने खाली लावा आणि पुन्हा गाऊन पाहा. मराठी गाण्यांत आणखी एक गोष्ट खटकते: ओळी इंग्रजी गाण्यासारख्या शेवटच्या अक्षरावर तोडल्या आहेत. मराठीत ओळीचा शेवट बहुधा दीर्घ स्वरावर होतो. तो स्वर धरून ठेवण्याची मुभा भाषेनेच दिलेली असताना तो ठोक्यासरशी कापून टाकण्यात काही मिळत नाही.

चौथ्या गाण्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. दुसऱ्या अंतऱ्यानंतर गिटार थांबते, बास आणि ड्रम्स दोघेच राहतात, ड्रमर झांजा सोडून टॉमवर, म्हणजे ड्रम्सच्या संचातल्या मोठ्या ढोलावर, हलगीच्या अंगाने काही वाजवू लागतो, आणि गायक ओरडणे सोडून बोलण्याच्या पट्टीत, लातूरकडच्या बोलीत, चार ओळी म्हणतो. हा तुकडा मला कोणाचाही वाटला नाही. तो अर्ध्या मिनिटात संपतो आणि पुन्हा नेहमीचा रिफ येतो. तो अर्ध्या मिनिटात का संपतो, हे तुमचे तुम्ही ठरवा. मला वाटते, गिटारवादकाला रिकामे उभे राहणे अवघड गेले असावे.

हे चौथे गाणे नव्याने वाजवा. सगळे एका खोलीत उभे राहा, क्लिक (कानात मात्रा मोजणारा ठोका) लावू नका, गिटारचा अँप शेजारच्या खोलीत ठेवा म्हणजे तो ड्रम्सच्या माइकमध्ये शिरणार नाही, आणि गळा नंतर घ्या. मधला तुकडा किती लांबवायचा हे आधी न ठरवता वाजवा. एका बैठकीत तीन-चार टेकपेक्षा जास्त घेऊ नका आणि निवड त्याच दिवशी करू नका. तुमची तालमीची जागा पत्र्याच्या छपराची आहे, तेव्हा पावसाआधी उरका; जूनमध्ये पत्र्यावर सर आली की ती प्रत्येक ट्रॅकमध्ये येते. अर्थिंग नीट नसेल तर गिटारमध्ये घरघर येईल, ती मिक्समध्ये काढण्याचा विचार करू नका, आधी वायरमनला बोलवा. ही पाच गाणी आणि सातवे, जर खरा संबळ मिळाला तर, एवढा तुमचा पहिला अल्बम. प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे कागदावर लिहून पाचही जणांच्या सह्या घ्या. पहिल्या अल्बमनंतर माणसे बदलतात, तेव्हा हा कागद लागतो.

ड्रमर जाणार म्हणून सगळेच लांबणीवर टाकण्याचा विचार तुम्ही मांडला आहे, तो मला पटत नाही. रट्सी गेला तेव्हा रशने त्याच्यासारखा वाजवणारा शोधला नाही आणि त्याच्या हातचा अल्बमही मागे घेतला नाही. चौथ्या गाण्यातला टॉमवरचा ठेका तुमच्या या ड्रमरच्या हातचा आहे. नवा माणूस येईल तो दुसरे काही घेऊन येईल, आणि त्याला हे वाजवायला लावण्यात अर्थ नाही. त्यामुळे जुलैच्या आत हे एक गाणे तरी त्याच्याकडून वाजवून घ्या. बाकीच्या गाण्यांचे मिक्स तो गेल्यावरही करता येईल. कच्चे ट्रॅक पाठवणार असाल, तर ठोके रेषेवर बसवण्याच्या आधीचे पाठवा.